निवड चाचणीत गळालेली मुलं



आपल्या शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या अधिवेशनासाठी खेळ आणि बालगुन्हेगारी हा विषय निवडला, हे बरं झालं. एरवी आपली गाडी पदभरती, तासिका आणि पेन्शन यांच्या पुढे सरकत नाही. त्या मागण्या रास्तच आहेत, त्यांचे ठराव उद्या होतील. आज दुसरं बोलू.

वाढदिवसाला तलवारीने केक कापणारी, कोयता नाचवत रील काढणारी पोरं आपण बातम्यांत पाहतो. वर्तमानपत्र त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यामुळे नाव छापता येत नाही. पण ज्या गावची बातमी, तिथल्या पीटीच्या मास्तरांना नाव बहुधा ठाऊक असतं. सातवी-आठवीपर्यंत तो पोरगा त्यांच्याच मैदानावर असतो. पाय चपळ, पण वेळेवर येणार नाही, पंचांशी हुज्जत घालणार, तोंडात शिवी. जिल्हा स्पर्धेच्या निवड चाचणीत तो गळतो. संघ जिंकायचा तर त्याला गाळणं बरोबरही असतं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या संध्याकाळींबद्दल.

क्रीडादिनाच्या प्रत्येक भाषणात खेळ मुलाला सुधारतो असं सांगितलं जातं. हे वाक्य आपण जरा जपून वापरावं. नॉर्वेतल्या बर्गन शहरात शाळकरी मुलांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं अशा ताकदीच्या खेळांत गेलेल्या मुलांची मैदानाबाहेरची दांडगाई कमी झाली नव्हती, वाढली होती. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. निवडणुकीच्या हंगामात पैलवानांना गाडीत घालून फिरवणारे पुढारी आपण पाहिलेत. मुंबईच्या गिरणगावात तर १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पोरांपुढे काम उरलं नाही आणि व्यायामशाळेत कमावलेल्या अंगाला टोळ्यांनी भाव दिला. कोल्हापूरच्या तालमीत मात्र पहाटेपासून पोराच्या झोपेवर, खुराकावर, संगतीवर वस्तादाचा डोळा असे. तो वस्ताद वजा केला की लाल मातीत उरतो फक्त दंड-बैठकांचा हिशेब.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या ग्लेनार्डन या लहान गावात १९८६ मध्ये रात्री दहानंतर बास्केटबॉल सुरू झाला. ज्या वेळी पोरं रस्त्यावर सापडतात, त्याच वेळी कोर्टाचे दिवे लावायचे, ही साधी अक्कल. त्याला जोड होती ती नोकरीच्या मार्गदर्शनाच्या वर्गांची. वर्ग चुकवला तर खेळायला मिळत नसे. पुढे बऱ्याच शहरांनी कित्ता गिरवला, १९९४ मध्ये अमेरिकी संसदेत त्याची टिंगलही झाली. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं, की सुरुवातीला हा उपक्रम घेतलेल्या शहरांत मालमत्तेचे गुन्हे इतर शहरांपेक्षा जास्त घटले. पण अभ्यासकांनी लगेच बजावलं, की खेळायला येणारी पोरं इतकी थोडी होती, की सगळं श्रेय त्यांच्या खेळाला देता येणार नाही. असा प्रामाणिकपणा आपल्या अहवालांत कधी दिसेल तो सुदिन.

आइसलँडचं उदाहरण हल्ली सगळे देतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. पण तिथे प्रशिक्षित प्रशिक्षक होते, क्लबच्या फीसाठी नगरपालिकेचं अनुदान होतं, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर कायद्याची मर्यादा होती आणि पालक स्वतः गल्लीत फेरी मारत होते. नुसते चेंडू वाटून ते घडलेलं नाही.

आता आपल्या नागपूरकडे येतो. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात आडोशाला उभं असताना झोपडपट्टीतल्या पोरांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं, आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. चित्रपटात सामना दिसतो. रोज संध्याकाळी तेच मैदान, तेच सर आणि कोण आलं नाही याची चौकशी, हे दाखवायला तीन तास पुरत नाहीत. या कामाला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांचे खेळाडू ज्या बेघरांच्या विश्वचषकात जातात, तिथल्या एका नियमाचं अप्रूप वाटतं. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेल्या या स्पर्धेत खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही गोल करा, पुढच्या वेळी तुमची जागा दुसऱ्याला. आपल्या क्रीडा खात्यात असा नियम कुणी सुचवला, तर त्याला वेड्यात काढतील. आपलं सगळं गणित पदकावर: सवलतीचे गुण पदकावर, नोकरीतलं ५ टक्के आरक्षण पदकावर, शाळेचा फ्लेक्स पदकावर. पदक न आणणाऱ्या पोरासाठी या व्यवस्थेत रकानाच नाही.

तो रकाना गल्लीतल्या दादाकडे आहे. दादाच्या दारात निवड चाचणी नसते. तो पोराला नावाने हाक मारतो, दिसला नाही तर फोन करतो, वडापाव खाऊ घालतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात का होईना फोटो लावतो, चौकीत अडकला तर रात्री दोनला जामीनदार घेऊन येतो. मोबदल्यात काय मागतो, ते पोराला फार उशिरा कळतं. मुलाला धरून ठेवण्याचं शास्त्र त्याला आपल्या बीपीएडच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त येतं, हे कडू असलं तरी खरं आहे. यात नुकसान एकट्या पोरांचंच नाही. कोपऱ्यावरच्या टवाळखोरांना भिऊन मुली खेळ सोडतात, आणि ते टवाळखोर म्हणजे मैदानात नसलेली हीच पोरं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. ज्या शाळांना ते आहे, त्यांच्या फाटकाला शाळा सुटली की कुलूप लागतं. आतली जागा मोकळी, बाहेरच्या कट्ट्यावर दुचाकींची रांग. फाटक उघडलं तर नासधूस होईल, मुख्याध्यापक जबाबदारी घेणार नाहीत, हे आक्षेप मला ठाऊक आहेत. नासधूस होईलही, दोन-चार नळ तुटतील. ते बसवून घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात करता येते.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी माझ्याकडून एक ठराव मांडणार आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या शाळांची मैदानं संध्याकाळी सहा ते नऊ खुली राहावीत, दिव्यांचं बिल पालिकेने भरावं, थांबणाऱ्या शिक्षकाला वेगळं मानधन मिळावं. फुकटात राबणाऱ्याच्या जिवावर अशी योजना दोन महिने चालते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. आणि त्या तीन तासांत निवड चाचणी घ्यायची नाही, चषक ठेवायचा नाही. ज्याला स्पर्धेतून काढलं त्याचं नाव हजेरीत सगळ्यात वर लिहायचं, आणि सलग दोन दिवस दिसला नाही तर घरी जायचं. ठरावावर दुरुस्त्या सुचवा, भांडा, पण उद्या सभागृह सोडून जाऊ नका. मला तो एकमताने मंजूर झालेला हवा आहे.