शाळेच्या चुलीवर गावची ज्वारी
(तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही देवाधर्माची गोष्ट सांगण्यास उभे राहिलो नाही. त्वरितादेवीचे देऊळ तुमच्या गावात आहे, तिची सेवा तुम्ही करताच. आम्हांस बोलावयाचे आहे ते एका सरकारी चुलीविषयी. ही चूल गावोगावी, वाडीवस्तीवर, शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी पेटते. तिच्यावर शिजलेले अन्न तुमचीच पोरे खातात. पण त्या अन्नातला किती दाणा तुमच्या रानातला, हा हिशेब कोणी कधी मांडला आहे काय? नसेल तर आज मांडू.

नियम असा आहे की पहिली ते पाचवीच्या पोराला दर दिवशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी व 5 ग्रॅम तेल मिळावे; सहावी ते आठवीच्या पोराला याच्या दीडपट. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळ, तेल, मीठमसाला खेड्यातील शाळांना ठेकेदाराच्या गाडीतून येत आला आहे. भाजी आणि जळण तेवढे गावात घ्यावे म्हणून शाळेच्या हाती पैसे पडतात. म्हणजे पाहा, तूर आमच्या काळ्या रानात पिकते. ती आडतीवर जाते, तिथून गिरणीत जाते, तिची डाळ होते, पोत्यावर छाप बसतो, आणि फिरून ती आमच्याच गावच्या शाळेच्या दारी येऊन उतरते. या वाटेत तिच्यावर किती जण जेवून घेतात! पेरणाऱ्याचे पोर सर्वांच्या शेवटी जेवते.

हे जेवण कोणा धर्मात्म्याचे दान नव्हे, ही खूणगाठ आधी बांधा. आपल्या राज्यात 22 नोव्हेंबर 1995 पासून ही योजना चालू झाली, तेव्हा पोराला महिन्याला 3 किलो कोरडा तांदूळ पिशवीत मिळे. पुढे 2001 साली, सरकारी गोदामे धान्याने फुटत असता राजस्थानात माणसे उपाशी मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने हुकूम केला की पोरांना शिजवलेले अन्न द्या. 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्या कायद्यात धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरड धान्य असे स्वच्छ लिहिले आहे. ज्वारी-बाजरीला कायद्याचा दरवाजा बंद नाही. तो उघडा असून तिला आत कोणी बोलावीत नाही, इतकेच.

बारशी मात्र पुष्कळ झाली! पूर्वी तिला भरड म्हणत. शंभर नियमांनी दबलेल्या त्या कायद्यात रेशनचे दर ठरले तेव्हा तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड 1 रुपया किलो. म्हणजे जो दाणा आम्ही हजारो वर्षे खाल्ला तो पंगतीत सर्वांत खाली. मग 2018 साली सरकारने तिला पौष्टिक धान्य म्हटले. 2023 साली साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष पाळले, तेही भारताच्याच सूचनेवरून, आणि त्याच साली तिचे नाव श्रीअन्न झाले. नाव कितीही गोड ठेवा; तिला कोणी वाजवी भावाने मापून घेतल्याशिवाय पेरणाऱ्याचे पोट भरत नाही. 2024-25 सालाकरिता मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलास 3,421 रुपये जाहीर झाला होता. जाहीर भाव हा घेणारा दारी उभा असेल तरच भाव, नाही तर तो वर्तमानपत्रातला आकडा. घेणारा नाही म्हणून रान कपाशीकडे आणि जिथे पाणी तिथे उसाकडे गेले. ज्वारी गेली तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरे गेली, जनावरांबरोबर शेणखत गेले. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर पिकते. ती विहिरीचा तळ खरवडीत नाही. आमच्यासारख्या पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखात हा गुण लहानसहान नाही.

आता तिच्यातले सत्त्व पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली देशातील अन्नांचे तक्ते छापले. त्यांत 100 ग्रॅम सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी, ज्वारीत सुमारे 4 आणि बाजरीत 6 हून अधिक. प्रथिनेही तांदळाहून जास्त. असे असता 2021 च्या स्वातंत्र्यदिनी काय जाहीर झाले? तांदळात कारखान्यात लोह घालून तो गरिबांस व पोरांस द्यावयाचा! तसा तांदूळ शाळा-अंगणवाड्यांत येऊ लागला. कित्येक गावांत मायबहिणींनी त्यातले वेगळे दाणे पाहून प्लास्टिकचा तांदूळ आला अशी आरोळी ठोकली. ती समजूत खोटी आहे, ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. उगाच फेकून देऊ नका. पण आमचा प्रश्न निराळा आहे. जे लोह बाजरीच्या कणसात देवाने घालून ठेवले, ते सोडून तांदळात यंत्राने का घालावे? खरे बोलायचे तर बाजरीतले सगळे लोह अंगी लागत नाही. दाणे भिजवले, आंबवले, वर लिंबू पिळले म्हणजे बरे लागते. आमच्या आजीला हे तक्त्याशिवाय ठाऊक होते.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, शाळेत भाकरी कोण थापणार? प्रश्न रास्त आहे. दोनशे पोरांच्या भाकरी दोन बायांनी रोज थापाव्या असे म्हणणारा पुरुष स्वतः कधी परातीपुढे बसलेला नसतो. तेव्हा भाकरीचा हट्ट सोडा. आपल्या घरात कण्या होत्या की नाही? ज्वारी भरडावी, पीठ चाळून वेगळे करावे, कण्या रात्री भिजत घालाव्या, सकाळी तुरीची डाळ आणि भाजी घालून तांदळाच्या खिचडीसारख्या शिजवाव्या. शिजायला वेळ अधिक लागतो, म्हणून भिजवण्यात कसूर करू नये, नाही तर पोरांची पोटे दुखतील आणि दोष ज्वारीवर येईल. थंडीत बाजरीचा खिचडा करावा. मात्र बाजरी भरडून महिनाभर ठेवू नये, ती चार-आठ दिवसांत कडवट होते. आठवड्याचे तेवढेच भरडावे. ज्वारीच्या घुगऱ्या, शेंगदाणे आणि गूळ, हे तर चुलीवर फार वेळ न मोडता होते. कण्या म्हटले की कोणाकोणाला लाज वाटते, कारण कण्या गरिबाचे अन्न समजले जाई. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाताना लाज वाटली नाही, खडी फोडून सुकडी खाताना वाटली नाही, आणि घरच्या शुभ्र मालदांडीची वाटावी काय?

आता माप काढू. दोनशे पोरांची शाळा धरा. आठवड्यातून दोन दिवस ज्वारी दिली तर दिवसास 20 किलो, आठवड्यास 40 किलो. चाळीस आठवडे शाळा भरली तर 16 क्विंटल. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल उतार धरला तर ही चार एकरांची ज्वारी झाली. बस्स, एवढीच! एका शाळेने गाव तरणार नाही, हे आम्ही तुम्हांस झाकून ठेवीत नाही. पण रोजची 4 किलो डाळ आहे, 10 किलो भाजी आहे, 1 किलो तेल आहे. त्यात अंगणवाडी मिळवा. ऊसतोडीला आईबाप गेले म्हणजे मागे राहणाऱ्या पोरांची हंगामी वसतिगृहे मिळवा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे काढण्याचे 2021 साली ठरले, ती मिळवा. आश्रमशाळा, तुरुंग, अंबाजोगाईचे मोठे सरकारी रुग्णालय, सारी सरकारी ताटे एका ओळीत मांडा, म्हणजे बीड जिल्ह्यात केवढा बाजार आहे हे दिसेल. आणि हा बाजार पाऊस पडो न पडो, दर साली भरतो.

कारागीर बांधवांनी हे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे म्हणून कान झाकू नयेत. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक परदेशातून येते, आणि मराठवाड्यातली करडई घटत घटत बांधाला लागली. तिच्याबरोबर तेल्याचा घाणा बसला. शाळेला रोज किलोभर करडईचे तेल लागले तर दोनशे दिवसांत दोनशे किलो होते. एका गावच्या घाण्याला ही उगवती आशा आहे. चक्कीवाल्याला भरडाईचे काम आहे, बुरुडाला टोपल्या-सुपांचे, सुताराला धान्याच्या कोठीचे, परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईला अंड्यांचे. अंड्यांची मात्र गंमत झाली. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्यास एक अंडे द्यावयाचे ठरले आणि 2025 च्या जानेवारीत राज्य सरकारने त्याचे पैसे थांबवून लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले! पोरांच्या तोंडचे अंडे काढण्यास तिजोरीला पंधरा महिनेही थांबवले नाही.

आता कडू गोष्ट. गावची खरेदी म्हटले म्हणजे ती आपोआप गरिबाचीच होईल, या भ्रमात राहू नका. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, बचत गट व महिला मंडळे यांच्याकडून काम घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या ऑक्टोबरात सांगितले होते. तरी 2016 साली आपल्या राज्यात अंगणवाडीच्या आहाराची निविदा निघाली, तिच्या अटी अशा की लाख-दोन लाखांची उलाढाल करणाऱ्या खऱ्या बायांच्या गटाने उंबऱ्याबाहेरच राहावे. बाया न्यायालयात गेल्या, आणि 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. त्या बायांपुढे आम्ही हात जोडतो. पूर्वी आम्ही शेटजी-भटजींच्या नावाने बोटे मोडीत होतो. आज ठेका घेणारा पुष्कळदा आपल्याच जातीचा, आपल्याच सोयऱ्यातला असतो, बायकोच्या नावाने गट काढतो आणि माल आडतीवरून आणतो. त्याला भाऊ म्हणून सोडाल तर तुमची तूर पुन्हा त्याच वाटेने फिरेल.

आणखी एक. त्याच न्यायालयाने 20 एप्रिल 2004 रोजी सांगितले की शाळेत स्वयंपाक करण्याच्या कामी दलित व आदिवासी बायांस आधी घ्या. 2021 साली उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात एका दलित बाईने रांधलेले अन्न पोरे खाईनात म्हणून तिला कामावरून दूर केले, पुढे पुन्हा घ्यावे लागले. ज्वारी गावची पाहिजे आणि रांधणारा हात मात्र आपल्या जातीचा पाहिजे, असे ज्याचे मत असेल त्याने आमच्या बाजूने बोलू नये. जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद सर्वांस खुला केला होता. शाळेचे पातेले झाकणारे तुम्ही कोण?

सरकारशिवाय हे झाले नव्हते असेही नाही. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची पोरे एका पंगतीत, आपल्या हाताने रांधून जेवत. गावच्या मायबहिणी दळताना मूठ-मूठ धान्य बाजूस काढीत, त्या मुठींवर ती पोरे शिकली. ते धान्य आसपासच्याच रानातले होते. आज मूठ मागण्याची गरज नाही, आज कर भरून तुम्ही पैसे आधीच दिले आहेत. परदेशी पाहा. ब्राझील देशाने 2009 साली कायदा करून ठेवला की शाळेच्या जेवणासाठी मिळणाऱ्या केंद्राच्या पैशांपैकी निदान 30 टक्के पैसा लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यातच खर्च व्हावा. आपल्या शेजारी कर्नाटकात सरकार शेतकऱ्यांची नाचणी व ज्वारी हमीभावाने घेऊन रेशनवर देते. ओडिशात केओंझर जिल्ह्यात अंगणवाडीची पोरे नाचणीचा लाडू खातात. केंद्र सरकारनेही 2021 साली योजनेला नवे नाव देताना लिहून ठेवले की शेतकऱ्यांच्या कंपन्या व बचत गट यांस यात घ्यावे, स्थानिक अन्न वापरावे. लिहिलेले आहे, मागणारा पाहिजे.

मागावे कसे? शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया. या समितीची बैठक कोणत्या दिवशी होते हे तुमच्यातल्या किती जणांस ठाऊक आहे? भाजी, जळण व पूरक आहार यांचे पैसे शाळेच्या हाती येतात, तेवढ्यापुरते उद्यापासूनच म्हणता येईल की माल गावचाच घ्या, आणि कोणाकडून किती भावाने घेतला ते फळ्यावर लिहा. भाव मनास येईल तो नको. गेल्या बाजारच्या दिवसाचा भाव धरावा, म्हणजे मास्तरालाही भय नाही आणि शेतकऱ्यालाही लूट नाही. माल वाळवलेला, चाळलेला, खड्याचा नसलेला द्या. पोरांच्या अन्नात कचरा घालून दाम मागणाऱ्याला आम्ही ठेकेदाराहून भला म्हणणार नाही. बिल उशिरा निघते, म्हणून ज्याचे घर त्या पैशावर चालते त्याने एकट्याने माल देऊ नये. दहा बायांच्या गटाने मिळून द्यावा आणि गटाच्या पेटीतून आधी भागवावे.

ज्वारी-बाजरीसाठी मात्र राज्य सरकारला मागणी करावी लागेल, कारण धान्य वरून येते. त्यासाठी 1 मेच्या ग्रामसभेत ठराव करा: आमच्या शाळेला व अंगणवाडीला आठवड्यातून दोन दिवस तांदळाऐवजी ज्वारी किंवा बाजरी मिळावी, ती याच तालुक्यात हमीभावाने खरेदी व्हावी, आणि भरडण्याचे काम गावातील गटास मिळावे. ठरावाची प्रत पंचायत समितीस, जिल्हा परिषदेस व आमदारांस पाठवा, पोच घ्या. शेजारच्या दहा गावांनी हाच ठराव केला तर कागद फाईलीत दडवणे जड जाईल.

तोवर एक दिवस करून दाखवा. समितीची परवानगी घेऊन एखाद्या शनिवारी गावच्या दहा किलो ज्वारीच्या कण्या शाळेत शिजवा आणि पोरे किती मागून घेतात ते मोजा. ज्वारी देणारे हात वर करा, आणि भरडून कोण देतो तेही आत्ताच सांगा.