मुक्तीनंतरचे दिवस

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात नाताळनिमित्त मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या शाळेत सर्व धर्मांची मुले सकाळी एकाच प्रार्थनेला उभी राहतात. त्यामुळे आज धर्म बदलण्याचा विषय मी घेतलेला नाही; माझा विषय माणूस बदलण्याचा आहे. ख्रिस्ती विचारात या बदलाला पापापासून मुक्ती आणि नवजीवन अशी नावे आहेत. मराठीतील त्याची एक जिव्हाळ्याची कथा आपल्या शेजारून गेलेली आहे.

दुर्गहून नागपूरकडे निघालेली गाडी तीसेक किलोमीटरवर राजनांदगावला पोहोचते. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून याच राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्यावरून बोलणे धर्मावर गेले. निरोप घेताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचा आग्रह धरला. टिळकांनी शब्द दिला व पाळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना ते पुस्तक दूर ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुष्कळजण ही कथा येथेच संपवतात. मराठीची शिक्षिका या नात्याने मला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण तो लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवला आहे. पतीच्या धर्मांतराने त्या कोलमडल्या. लहान मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. मग त्यांनी स्वतःच विचार केला, की देवाने माणूस निर्माण केला. ही जात कोणी निर्माण केली? उत्तर सापडले तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. मन आधी मोकळे झाले, विधी मागाहून आला.

आणि टिळक? बाप्तिस्म्याने त्यांचा तापट स्वभाव एका दिवसात निवळला नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांचे औदार्य जितक्या प्रेमाने लिहिले, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा रागही लिहिला. श्रद्धेचे मोल मला तेथे कळते. रागीट माणूस रोज देवापुढे बसतो, रोज थोडा वाकतो, आणि त्याच घराची दारे अनाथ मुलांसाठी उघडी राहतात. मुक्ती एका क्षणी लाभत असेल, पण ती जगावी लागते ती दिवसादिवसाने.

नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पापाला धन्याची आणि माणसाला गुलामाची उपमा दिली आहे. जे करू नये ते कळते, तरी हातून तेच घडते, ही त्याची व्यथा आहे. सुटीच्या दिवशी दारू नको असे ठरवूनही पाऊल गुत्त्याकडे वळते. पाळीवरून थकून आल्यावर पोरावर हात उगारायचा नाही असे ठरवूनही तो उगारला जातो. ही गुलामगिरी पोलादनगरीतील घरांना अपरिचित नाही. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की ही बेडी माणसाच्या एकट्याच्या बळाने तुटत नाही. क्षमा आधी मिळते आणि तिच्या आधाराने माणूस उठतो. म्हणून प्रार्थना ही मागण्यांची यादी नाही. आपल्या चुकीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची ती जागा आहे.

मात्र प्रार्थनेची कसोटी देवघराबाहेर लागते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा यरीहोचा धनाढ्य जकातदार. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. जक्कयने नुसते अश्रू ढाळले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरी धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. ही जाणीव त्यांना काही वर्षांनी झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि निराधार मुलींना घेऊन गेल्या. आपला रायपूरचा मुलूखही तेव्हा त्याच प्रांतात होता. पुण्याजवळ केडगावला या मुलींसाठी जी वस्ती उभी राहिली तिचे नाव ‘मुक्ती’. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच छापले. स्वतः मोकळी झालेली व्यक्ती दुसऱ्याच्या हाताला काम आणि मानेला ताठपणा देते.

पालकहो, आता आपल्याविषयी. एखाद्या मुलाने कॉपी केली, खोटे बोलले, शिक्षा भोगली, क्षमाही मागितली; तरी ‘हा तोच’ म्हणून वर्षभर त्याच्याकडे बोट दाखवले जाते. नातेवाइकांसमोर त्याची जुनी चूक पुन्हा उगाळली जाते. ज्याला कोणी नवा मानत नाही, तो नवा होणार कसा? चुकीची भरपाई त्याच्याकडून अवश्य करून घ्या, पण भरपाई झाल्यावर तो हिशेब मिटवा. आणि घरात मोठ्यांचे चुकले, तर मुलासमोर ‘माझे चुकले’ म्हणायला लाजू नका. मुले प्रार्थनेचे शब्द शाळेत पाठ करतात; तिचा अर्थ मात्र ती घरी पाहून शिकतात.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी जुना अपराध मनात वाहत असाल, कोणाचे देणे राहिले असेल, भावाशी बोलणे तुटले असेल, तर नव्या वर्षाची वाट पाहू नका. आज रात्री पाच मिनिटे शांत बसा. आपापल्या देवापुढे ती गोष्ट नाव घेऊन सांगा. उद्या सकाळी त्या माणसाकडे जा.

आपणा सर्वांना नाताळच्या आणि शाळेच्या हीरक महोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.