घर सोडणं आणि घर विकणं यांच्या मधली वर्षं



म्हैसूरला गेलेला मराठी प्रवासी राजवाडा पाहतो, चामुंडीच्या टेकडीवर जाऊन येतो, देवराज मार्केटात फिरून म्हैसूरपाक घेतो आणि उटीची वाट धरतो. यादवगिरी भागातलं विवेकानंद रस्त्यावरचं एक दुमजली पांढरं घर त्याच्याकडून बहुधा राहून जातं. ते इंग्रजीत लिहिणारे लेखक आर. के. नारायण यांचं घर. जुन्या घरांच्या डागडुजीच्या कामामुळे माझा मुक्काम बरीच वर्षं म्हैसुरात आहे, आणि घर बांधणं, सोडणं, विकणं, दुरुस्त करणं याबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका घराच्या हकीकतीत आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्या घरापासून सुरू करते.

नारायण आपल्याला परके नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण 1921 मध्ये म्हैसुरातच जन्मले, मुंबईत ‘टाइम्स’मध्ये उभं आयुष्य काढून त्यांनी आपल्याला ‘कॉमन मॅन’ दिला आणि 2015 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. या भावंडांचे वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक. कुटुंब लक्ष्मीपुरमला भाड्याच्या घरात राहायचं. पुढे नारायण यांनी यादवगिरीला जागा घेतली. तेव्हा ते गावाचं टोक होतं. 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घर उभं राहिलं, पण घरची मंडळी लक्ष्मीपुरम सोडायला लगेच तयार झाली नाहीत. त्यामुळे सुरुवातीला नारायण नव्या घरात लिहायला जात आणि मुक्कामाला जुन्या घरी परतत. वरच्या मजल्यावर अर्धगोल, खिडक्याखिडक्यांची खोली आहे. समोर चामुंडीची टेकडी दिसायची. स्वतः लक्ष घालून, वर्षानुवर्षं खपून बांधलेलं हे घर होतं.

1990 नंतर, उतारवयात, नारायण चेन्नईला गेले. 13 मे 2001 रोजी तिथेच वारले. घर रिकामं होतं. पुढे ते एका बांधकाम व्यावसायिकाकडे गेलं आणि 2011 मध्ये पाडकाम सुरू झालं. वर्तमानपत्रांत बातमी आली, ओरड झाली, हातोडा थांबला. तोवर घराचा काही भाग गेला होता. त्यानंतर वाद सुरू झाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाच्या घरावर लोकांचा पैसा का खर्चायचा, असा प्रश्न काही कन्नड लेखकांनी विचारला. किंमत ठरायला वेळ लागला. शेवटी महानगरपालिकेने अडीच कोटींच्या आसपास रक्कम देऊन घर घेतलं, पडलेला भाग पुन्हा उभा केला, आणि जुलै 2016 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आज आत नारायण यांचा चष्मा, कोट, पुस्तकं पाहायला मिळतात.

लोक ही गोष्ट वारसा वाचल्याची म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. मालक घर सोडून गेला आणि घर विकलं गेलं, यांत जवळजवळ दोन दशकं गेली. त्या दोन दशकांत या घराचं काय करायचं हे ठरलं नाही. ज्या घराची बातमी होऊ शकली ते वाचलं. बातमी होण्याजोगा मालक नसलेली शेकडो घरं त्याच शहरात त्याच पद्धतीने गेली. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: आपली घरं सोडणं आणि विकणं यांच्या मधल्या वर्षांत मरतात. तो मधला काळ आपण बेवारस ठेवतो, आणि दोष मात्र बिल्डरला देतो.

ही घरं उभी कशी राहिली तेही सांगायला हवं. 1898 मध्ये म्हैसुरात प्लेग आला. संस्थानाचे प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पुढे 1906 मध्ये ते संस्थानचे दिवाण झाले. प्लेगने गल्लीबोळांतली दाट वस्ती उघडी पाडली आणि 1903 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झालं. मुंबईतही हेच घडलं होतं: 1896 चा प्लेग, 1898 चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, आणि त्यातून दादर-माटुंग्याच्या वसाहती. म्हैसुरात त्याच विचारातून रुंद रस्त्यांच्या, झाडांच्या, मागे सफाईची गल्ली असलेल्या नव्या वस्त्या झाल्या. म्हणजे लोकांनी एकदा मोठ्या संख्येने घरं बदलली, ती जीव वाचवायला. आता बदलतात ती मुलं बंगळूरला, पुण्याला, न्यूजर्सीला आहेत म्हणून. मार्च 2023 मध्ये बंगळूर-म्हैसूर नवा महामार्ग खुला झाल्यापासून बंगळूरच्या माणसाला म्हैसूरचं घर जवळ वाटू लागलं आहे, आणि घर कुलूपबंद ठेवणाऱ्यालाही ‘किंमत चढतेच आहे, थांबू’ असं वाटू लागलं आहे.

पण कुलूपबंद घर थांबत नाही. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हा माझा रोजचा विषय.

म्हैसूरच्या जुन्या घरांत दोन तऱ्हा दिसतात. एक चौकाची, ज्यांना तिथे तोट्टी मने म्हणतात: मधे आकाशाकडे उघडा चौक, भोवती पडवी, वर मंगळुरी कौलं. आपल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथे पाय ठेवताच ओळख पटते. दुसरी तऱ्हा धाब्याची. सागवानी तुळयांवर लहान विटा कडेवर, तिरप्या रचायच्या, त्यावर चुना-सुरखीचा कोबा आणि सर्वांत वर चपट्या लाद्या. याला मद्रास टेरेस म्हणतात. खाली लाल ऑक्साइडची जमीन, रोज पुसून पुसून आरशासारखी झालेली.

ही घरं माणसांच्या वावराने टिकतात. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही, बांधकामाचा हिशोब सांगते. म्हैसूरचा पाऊस आपल्या कोकणासारखा धो धो नसतो. वर्षाला साधारण 800 मिलिमीटर, आणि त्याचे दोन जोर, एक मे महिन्यात वळवाचा, दुसरा ऑक्टोबरात. राहतं घर असेल तर पहिल्या सरीला कोणीतरी गच्चीवर जातं, पन्हळीत अडकलेला पाला काढतं. घर बंद असेल तर पाणी गच्चीवर साचतं, लाद्यांच्या सांध्यांतून कोब्यात उतरतं आणि तुळईचं जे टोक भिंतीत असतं तिथे जाऊन मुरतं. ते टोक दिसत नाही. खालून तुळई धडधाकट दिसते, आतून तिचा भुसा झालेला असतो. अंधार आणि ओल मिळाली की वाळवी येते. चुलीचा धूर, उघडी खिडकी, रोजचा केर यांनी जे आपोआप टळायचं ते सगळं तीन-चार पावसाळ्यांत घरावर चालून येतं.

मग घर विकायचं ठरतं. ‘जरा नीट करून घेऊ, भाव चांगला येईल’ असं कोणीतरी म्हणतं, आणि दुसरं नुकसान सुरू होतं. गवंडी येतो, चुन्याचा फुगलेला गिलावा खरवडतो आणि सिमेंटचा गिलावा मारतो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं. ओल आतच राहते, लोणा धरतो, आणि दोन वर्षांत सिमेंटचा गिलावा विटेचा पापुद्रा घेऊन सुटतो. गळती थांबवायला धाब्यावर सिमेंट काँक्रीटचा थर ओततात. त्याचं ओझं त्याच सडलेल्या तुळयांवर येतं. लाल जमिनीवर व्हिट्रिफाइड लाद्या चिकटवतात. पैसे जातात, घर आणखी अशक्त होतं, आणि घेणारा माणूस शेवटी म्हणतो, ‘मला जागाच घ्यायची आहे, घर पाडणारच आहे.’

म्हणून माझा सल्ला उलट आहे. विकण्यासाठी घर सजवू नका. गळती काढा, पन्हळी मोकळ्या करा, तुळयांची टोकं एकदा जाणत्याकडून ठोकून पाहून घ्या, चुन्याला चुना लावा. एवढं केलेलं घर पाच वर्षांनीही घर म्हणूनच विकता येतं. आणि जी खरी सुधारणा कराल, म्हणजे नवं छप्पर, नवी खोली, नवं स्नानगृह, तिची बिलं जपून ठेवा. घर विकल्यावर नफ्यावर कर लागतो. तो मोजताना असा भांडवली खर्च वजा होतो, रंगरंगोटी होत नाही. 2001 पूर्वीचं घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराच्या मालकाला, तो भारतात राहणारा असेल तर, महागाईचा निर्देशांक धरून 20 टक्के किंवा न धरता 12.5 टक्के, यांतला कमी कर निवडता येतो. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दुरुस्तीची बिलं रद्दीत गेलेली असतात.

कागदांकडे वळते. कर्नाटकात घर ज्याच्या नावावर करासाठी नोंदलेलं असतं त्या नोंदीला ‘खाता’ म्हणतात. आपल्याकडच्या सातबाराबद्दल जो गैरसमज आहे तोच खात्याबद्दल आहे: खाता म्हणजे मालकी नव्हे. मालकी मूळ दस्तांतून येते. पण खाता नसला तर व्यवहार अडतो. 2024 पासून ई-खात्याशिवाय शहरी मिळकतीची नोंदणीच होत नाही. शिवाय बोजा प्रमाणपत्र लागतं. घरावर कर्ज, गहाण, आधीची विक्री काही आहे का, ते त्यात दिसतं.

चामुंडीपुरममधल्या एका घराचं काम माझ्याकडे आलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, खाता त्यांच्याच नावावर. तीन भावंडं तीन गावांत. घेणारा मिळाला, भाव ठरला, बँकेच्या वकिलाने कागद मागितले आणि सगळं थांबलं. मृत्युपत्र नव्हतं. भावांची समजूत अशी की बहिणीचं लग्न झालंय, तिच्या सहीची काय गरज? गरज होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसेल तर, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्माने हक्क कर्नाटकाने 30 जुलै 1994 पासून आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी 22 जूनपासून दिला, तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता. 2005 मध्ये ही अट गेली आणि तो देशभर लागू झाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहे. बहिणीला नुसतं विचारलं असतं तर ती सही करणार होती. न विचारल्याचा तिला राग होता. घेणारा निघून गेला. घर आणखी काही पावसाळे बंद राहिलं आणि त्यातच त्याचा मागचा सोपा बसला.

परदेशी असलेल्यांसाठी दोन गोष्टी. मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येतं, पण ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. आणि अनिवासी माणसाने घर विकलं की खरेदीदाराला रकमेतून बराच मोठा कर कापून भरावा लागतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवला तर पैसे अडकत नाहीत. त्यासाठी अर्ज खरेदीदार ठरल्यावर लगेच, रक्कम घेण्याआधी करायचा असतो.

न ठरवण्याची ही सवय फक्त घरांची नाही. म्हैसूरच्या मध्यवस्तीतल्या लॅन्सडाउन बिल्डिंगचा भाग 2012 मध्ये कोसळला आणि माणसं मेली. 2016 मध्ये देवराज मार्केटच्या उत्तरेकडच्या प्रवेशद्वाराचा भाग पडला. पाडायचं की दुरुस्त करायचं हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. पाडा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, पण त्याहून मोठं भांडण ठरवत नसलेल्यांशी आहे. पाडायचं ठरलं तर निदान आधी मोजमाप घेता येतं, नकाशे, फोटो होतात, सागवान, खांब, कौलं जपून काढता येतात. न ठरवलेली इमारत हे सगळं घेऊन खाली येते.

घर विकणं हा मी दोष मानत नाही. ऐंशीच्या घरातल्या आईवडिलांना जिना चढवत नाही, डॉक्टर लांब, मुलं लांब. त्यांनी तोट्टीचं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत जावं, यात कुठलाही द्रोह नाही. मात्र निघताना त्यांना बरोबर घेऊन ठरवावं. ते हयात असताना मृत्युपत्र होतं, कागद कुठल्या पेटीत आहेत ते कळतं, मधल्या भिंतीत जुनी पन्हळ कुठून जाते ते कळतं. घर भाड्याने द्यायचं की नात्यातल्या कोणाला राहायला द्यायचं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं असलं की भावंडांत तंटा होत नाही. माझा अनुभव असा की कमी भाड्याने, पण रीतसर लेखी करार करून, नीट राहणारं कुटुंब ठेवलेलं घर बंद घरापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. भाडेकरू निघणार नाही या भीतीने आपण घर वाळवीला राहायला देतो.

आज इथे बसलेल्यांपैकी अनेकांचं असं एक घर असेल: कऱ्हाडला, वाईला, बेळगावला, किंवा म्हैसूरलाच. किल्ली तुमच्या कपाटात आहे. माझी विनंती आहे की या महिन्यात, वळवाच्या आधी, एक दिवस तिथे जा. गच्चीवर चढा, पन्हळी साफ करून घ्या, प्रत्येक खोलीचं माप घ्या आणि फोटो काढा. कर कोणाच्या नावाने येतो ते पाहा. मग बहिणींसह सगळ्या भावंडांना एकत्र बसवा, आणि राहायचं, भाड्याने द्यायचं की विकायचं, याची तारीख घालून लेखी नोंद करा. आणि ज्यांचे आईवडील अजून त्या घरात राहतात, त्यांनी हे बोलणं आईवडिलांसमोर, येत्या दिवाळीच्या आत करावं.