कायद्याची वेस आणि कंपनीची कात्री



१९०८ साली लोकमान्यांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. शिक्षा अन्यायाचीच झाली. परंतु आक्षेपार्ह लेख कोणते हे परकी सत्तेलाही सांगावे लागले, आणि लोकमान्यांचे बचावाचे भाषण कित्येक दिवस ऐकून घ्यावे लागले. आज फेसबुक वा यूट्यूबवरील आपला मजकूर क्षणार्धात नाहीसा होतो, आणि ‘आपण आमच्या नियमांचा भंग केला’ एवढ्या एका ओळीवर आपली बोळवण होते! म्हणूनच देशाचा कायदा आणि कंपनीचा नियम यांतील भेद आपण नीट ओळखला पाहिजे.

कायद्याला राज्यघटनेची वेस आहे. वाणीवर बंधन घालावयाचे तर ते एकोणिसाव्या कलमात सांगितलेल्या कारणांत बसले पाहिजे. तसे बसले नाही म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले. कंपनीच्या नियमाला अशी वेस नाही. खाते उघडताना आपण न वाचताच दिलेली संमती, हाच त्याचा पाया! कायद्याच्या दृष्टीने निर्दोष मजकूरही कंपनी काढू शकते. नग्नतेला वा उपद्रवी जाहिरातींना आळा घालण्यास तो अधिकार लागतो, हे आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप आहे तो कारण न सांगणाऱ्या अधिकारास.

सरकारही धुतल्या तांदळासारखे नाही. मजकूर रोखण्याच्या आदेशांभोवती २००९ च्या नियमांनी गोपनीयतेचा पडदा उभारला. तिकडे जर्मनीने २०१७ साली कायदा करून, उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याचे बंधन घातले. व्यवस्थेत कसूर झाल्यास पाच कोटी युरोपर्यंत दंड होता. ठेवले तर दंड, नाहक काढले तर काहीच नाही. मग सावध व्यापारी काय करील? संशय येताच कात्री चालवील. धाक सरकारचा, कात्री कंपनीची, आणि जाब देण्यास कोणीच नाही!

यावर उतारा त्याच देशातील संघीय न्यायालयाने २९ जुलै २०२१ रोजी सांगितला. फेसबुकने कायद्याहून कडक नियम खुशाल करावेत. परंतु मजकूर काढल्याचे निदान मागाहून कळवावे, खाते बंद करण्याचा विचार आधी कळवावा, कारण द्यावे आणि उत्तर ऐकून फेरनिर्णय करावा. कारण देण्याचे हेच बंधन युरोपीय संघाने १७ फेब्रुवारी २०२४ पासून लहानमोठ्या सर्व सेवांवर घातले.

आपल्याकडील २०२१ च्या नियमांतही, मोठ्या समाजमाध्यमाने स्वतःहून मजकूर काढण्यापूर्वी कारण कळवावे व म्हणणे मांडू द्यावे, अशी तरतूद आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निकाल न पटल्यास ३० दिवसांत अपील समितीकडे जाता येते. ही समिती सरकारनेच नेमलेली, हे उणे खरे. पण न बजावलेला हक्क गंजून जातो.

तेव्हा बंधुभगिनींनो, मजकूर गेला म्हणून हळहळत बसू नका. आलेल्या सूचनेची प्रत जपा, कारण लेखी मागा, मुदतीत अपील करा. कारण न सांगता तोंड बंद करणारा, मग तो राजा असो वा सावकार, आपण कधी मानला नाही; आजही मानता कामा नये.