बोटीला मोटर केवढी?

(सदर बाजार, रायपूर येथे गणेशोत्सवात दिलेले भाषण)

गणेशभक्त बंधू-भगिनींनो आणि विद्युत मंडळातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो,

या मंडपात कीर्तनं झाली, नाट्यगीतं झाली. मी रिमोटवर चालणाऱ्या बोटीवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीतले दोघे हसले. हसू द्या. त्या बोटीपायी माझा नातू खोल पाण्यात जाता जाता वाचला, म्हणून आज उभा आहे.

एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांचे नमुने करणं हा स्पर्धेचा विषय असतो, हे मला नातवाकडून कळलं. त्याला बोट करायची होती. मी म्हटलं, मोटरचं माझ्यावर सोड. आयुष्य मोटरींत गेलं होतं ना! साठ सेंटिमीटरची बोट, तिला मी 775 नंबरची मोटर लावली, 12 व्होल्टची शिशाची बॅटरी ठेवली आणि 45 मिलिमीटरचा पंखा बसवला. जास्त असलेलं बरं, हा आपला घरगुती हिशेब.

बुढा तालाबावर बोट सोडली. नाक वर, शेपूट पाण्यात. मागून पाणी शिरलं, वायर तापली, आणि बोट मधोमध थांबली. मी चष्मा पुसतोय तोवर नातू कमरेइतक्या पाण्यात! ‘‘आबा, आणतो मी,’’ म्हणाला. त्याला पोहता येत नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी दंड धरून मागे ओढला. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. हे आधीच करायला हवं होतं.

पहिली गोष्ट, 380, 540, 775 हे आकडे ताकदीचे नव्हेत, मोटरच्या डब्याच्या मापाचे आहेत. 540 चा डबा साधारण 36 मिलिमीटर जाड आणि 50 लांब. आत तारेचे वेढे किती, त्यावर फेरे आणि अँपिअर ठरतात. एकाच नंबरच्या दोन मोटरी म्हणूनच अगदी वेगळ्या वागतात.

दुसरी गोष्ट, पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिची लांबी ठरवते. इंग्लंडात विल्यम फ्रूड यांनी 1872 च्या सुमारास टॉर्की इथे लांब हौदात नमुने ओढून हे शास्त्र बसवलं. साठ सेंटिमीटरच्या बोटीला ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटरच्या आसपास. त्यापुढे ताकद वाढवली की बोट आपल्याच लाटेवर चढू पाहते आणि शेपूट बुडते. आमचं नेमकं तेच झालं. पाण्यावरून घसरणाऱ्या शर्यतीच्या बोटींचा हिशेब निराळा, त्यात मी शिरत नाही.

खरा खादाड पंखा. फेरे तेच ठेवले तर लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. 30 ऐवजी 45 मिलिमीटर म्हणजे दीडपट नव्हे, साडेसात पट! सदर बाजारात तोळ्या-माशाचा हिशेब करणाऱ्यांना हे सांगायला नको.

मग 380 ची मोटर आणली, 7.2 व्होल्टची बॅटरी, 30 चा पंखा. बोट हौदात बांधून अँपिअर मोजले. मोजणी पाण्यातच करायची. हवेत पंखा फिरवून आलेला आकडा फसवा असतो. तीन अँपिअर आले, म्हणजे सुमारे 22 वॉट. तीन अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर एक तास पुरते, आम्ही चाळीस मिनिटांत परत बोलावतो. पंख्यात जलकुंभी अडकली की करंट कितीतरी पटींनी चढतो, म्हणून पाच अँपिअरचा फ्यूज टाकला. चार आण्याची तार जळावी, मोटर नको. (ब्रशलेस मोटर घेणाऱ्यांनी तिच्यावरचा केव्ही आकडा पाहावा: एका व्होल्टला बिनभाराचे किती फेरे, एवढाच त्याचा अर्थ. 2000 केव्हीला 11.1 व्होल्ट दिले तर मिनिटाला 22,200. छोट्या संथ बोटीला एवढं कशाला?)

आणि आता आमच्या पिशवीत टेनिसचा चेंडू असतो, त्याला मासेमारीची लांब दोरी. बोट थांबली तर चेंडू तिच्या पलीकडे फेकायचा आणि दोरीनं ओढून घ्यायची. पाण्यात कोणी उतरायचं नाही, हा घरचा कायदा.

775 ची मोटर मी हातड्रिलला लावली, तिथे ती सुखात आहे. बोट पाहायची असेल त्यांनी आरतीनंतर मंडपामागे यावं. हौद भरून ठेवला आहे, रिमोट नातवाकडे मागावा.