खाटेखालचा स्टोव्ह



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेच जण लवकरच एखाद्या स्टार्टअपमध्ये रुजू होतील, काही जण स्वतःचं काहीतरी उभं करतील. म्हणून आज मी फक्त खर्चाबद्दल बोलणार आहे.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मग पावसाळा आला, पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पापड वाळत होते. तो उद्योग म्हणजे आजचा लिज्जत पापड.

त्या खाटेपुढे मला हात जोडावेसे वाटतात. आपलं नेमकं अडलंय कुठे, हे त्या बायकांनी आधी ओळखलं. ऊब हवी होती, तेवढीच त्यांनी विकत घेतली. तोटा झाला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना ते 80 रुपये उसने देणारे समाजसेवक छगनलाल पारेख यांनी सांगितलं की उत्तम प्रतीचाच पापड करा, दर्जा कधी उतरवू नका आणि हिशेब चोख ठेवा. बायकांनी ते ऐकलं. म्हणजे ज्यांनी यंत्राऐवजी खाट वापरली, त्यांनी डाळीत मात्र हात आखडला नाही. शिवाय तिथे लाटणारी प्रत्येक बाई ‘बहीण’ म्हणवली जाते आणि ती संस्थेची मालकीणही असते. नफा-तोटा सगळ्यांचा. वाचवलेला पैसा कुणाचा, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत तो प्रश्न रोज पडायचा. पुण्यातली अकरा माणसांची कंपनी होती. गुंतवणूक आली आणि महिन्याभरात काचेची केबिन उभी राहिली, परदेशी कॉफी मशीन आलं, सगळ्यांची गोव्याची सहल झाली. त्याच काळात दोन प्रशिक्षणार्थी मुलांचं विद्यावेतन तीन महिने थकलं होतं. ‘आपण एक कुटुंब आहोत, जरा सांभाळून घ्या,’ असं त्यांना सांगितलं गेलं. त्यातला एक जण मेसचे पैसे माझ्याकडून उसने न्यायचा. मान खाली घालून न्यायचा. ती खाली गेलेली मान मी आजही विसरलेलो नाही. आणि मी तेव्हा कुणाला जाब विचारला नाही, याची खंतही गेलेली नाही. पुढे दोघंही सोडून गेले आणि ग्राहकांचं अर्धं काम ज्यांना ठाऊक होतं ते हेच दोघं होते.

जरा हिशेब मांडू. बँकेत 60 लाख आहेत आणि महिन्याचा खर्च 5 लाख, तर कंपनीचं आयुष्य 12 महिन्यांचं. खर्च 4 लाखांवर आणला की 15 महिने मिळतात. या तीन महिन्यांत एखादा मोठा ग्राहक येऊ शकतो, फसलेलं उत्पादन पुन्हा बांधता येतं. पण तो लाख कुठून कापला, यावर सगळं अवलंबून आहे. जागेच्या भाड्यातून, विमानप्रवासातून, संस्थापकाच्या स्वतःच्या पगारातून कापला तर माणसं आपणहून दिवे मालवू लागतात. तोच कनिष्ठांच्या पगारातून कापला तर त्या 15 महिन्यांत तुम्ही दर तिमाहीला नवी माणसं शोधत आणि पहिल्यापासून शिकवत बसाल. पहिल्याला मी काटकसर म्हणतो, दुसरा निव्वळ कंजूषपणा आहे, आणि तोही दुसऱ्याच्या ताटातला.

अमेरिकेतल्या वीवर्क या कंपनीचं मूल्य 2019 च्या सुरुवातीला 47 अब्ज डॉलर्स मानलं जात होतं. कंपनी प्रचंड तोट्यात होती, तरी तिने 6 कोटी डॉलर्सहून महाग खासगी विमान घेतलं होतं. त्याच वर्षी तिची शेअर विक्री मागे घ्यावी लागली आणि सुमारे 2,400 लोकांच्या नोकऱ्या गेल्या. विमानात बसणारे वेगळे होते, घरी पाठवलेले वेगळे.

याउलट आपल्या पुण्यात 1981 साली नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी इन्फोसिस सुरू केली, ती मूर्तींच्या पत्नी सुधा मूर्ती यांच्या शिलकीतल्या 10,000 रुपयांवर. पुढे 1994 मध्ये तिथे कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना आली. ओढाताणीच्या दिवसांचं चीज व्हावं तर असं, वाटून घेऊन.

संस्कृती हा शब्द तुम्ही नोकरीच्या मुलाखतीत फार ऐकाल. भिंतीवरची वाक्यं वाचत बसू नका. मागच्या वर्षी पैसा कमी पडला तेव्हा आधी कुणाचा पगार थांबला, एवढंच विचारा. आणि उद्या तुम्ही मालक व्हाल तेव्हा टेबलं जुन्या बाजारातून आणा, ऑफिस एखाद्या मित्राच्या घरात थाटा, पण पगाराची तारीख चुकवू नका. चुकायचीच वेळ आली, तर पहिलं नाव तुमचं असू द्या.