साधने आणि सावधपणा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



नव्या साधनांमुळे मनुष्य आळशी होतो काय, हा प्रश्न आपल्या घराघरांतून वरचेवर निघत असतो. पाट्यावरवंट्याची जागा मिक्सरने घेतली तेव्हा तो निघाला. मुलांच्या पाढ्यांची जागा गणकयंत्राने घेतली तेव्हाही निघाला. वडील मंडळी एका बाजूस, तरुण मंडळी दुसऱ्या बाजूस, आणि निकाल मात्र कधीच लागत नाही! म्हणून आज आम्ही या प्रश्नाची परीक्षा घरापासून दूर, जेथे कोणाच्या सासूबाईंचा वा सूनबाईंचा संबंध येणार नाही अशा क्षेत्रात करण्याचे योजिले आहे. ते क्षेत्र म्हणजे इंग्लंडातील तळ्यांवर गळ टाकून कार्प मासा धरण्याचा छंद होय.

हा मासा आपणांस अगदीच परका नाही. आपल्या बाजारात येणारे रोहू, कटला आणि मृगळ हे त्याच्याच कुळातले; आणि ज्याला आपल्याकडचे मासेविक्रेते ‘सायप्रिनस’ म्हणतात, तो तर प्रत्यक्ष कार्पच. मुंबईत पवईच्या तलावावरही रोहू-कटल्यासाठी गळ टाकून बसणारे हौशी लोक आहेत. आपल्याकडे तो पानात पडतो. इंग्लंडातील हौशी लोक मात्र त्याला धरून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडून देतात.

कार्प हा दीर्घायुषी आणि मोठा सावध प्राणी आहे. एकदा गळाचा अनुभव घेतलेला कार्प पुन्हा सहजासहजी फसत नाही, हे नेदरलँड्समधील प्रयोगांतून १९७० साली प्रसिद्धही झाले. मोठा कार्प गळाला लागणे जवळजवळ अशक्य, अशीच एके काळी इंग्लंडात समजूत होती. ती समजूत रिचर्ड वॉकर या गृहस्थांनी मोडली. १३ सप्टेंबर १९५२ रोजी हेरफर्डशायरमधील रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यावर त्यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प धरला. तो पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आला आणि तेथे कित्येक वर्षे जगला.

आता मौज अशी, की ज्यास आज ‘आळशाचे साधन’ म्हणून नावे ठेवली जातात, ती विजेची घंटी याच वॉकरसाहेबांच्या कल्पकतेतून आली. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी हलते, दोरी हलली की विजेचा प्रवाह जुळतो आणि घंटी वाजते. रात्रीच्या अंधारात, जेथे दोरी डोळ्यांना दिसत नाही, तेथे कानांना काम देणारी ही युक्ती होती. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेली, कार्पाच्या ओढीस पुरी पडणारी काठीही त्यांनीच योजिली. या मनुष्यास आळशी कोण म्हणेल? माशांची चाल, पाण्याची ऊब, वाऱ्याची दिशा यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यालाच अशी साधने सुचतात.

त्यानंतर साधनांची रीघच लागली. १९८० च्या सुमारास लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांची ‘केसाची जोडणी’ प्रसिद्धीस आली. तीत आमिष गळाच्या आकड्यात खोवीत नाहीत, तर आकड्यामागे केसासारख्या बारीक दोऱ्याला बांधतात. मासा आमिष ओढून घेतो, त्यापाठोपाठ आकडा तोंडात जातो. तो बोचताच मासा दचकून पळतो आणि जड शिशाच्या वजनामुळे आपोआप अडकतो. म्हणजे काठीला झटका देण्याचे जे कौशल्य पूर्वी माणसाला शिकावे लागे, ते आता मासा स्वतःच पार पाडतो! आज तर आमिष इच्छित स्थळी नेऊन टाकणारी दूरनियंत्रित होडी आहे, तळ दाखविणारे ध्वनियंत्र आहे, तंबू आहे, त्यात पलंग आहे, आणि उशाशी बिनतारी घंटी आहे. जुनी मंडळी म्हणतात, ‘‘हा छंद नव्हे, ही निद्रा.’’

हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्हांस वाटत नाही. १६ जून १९८० रोजी त्याच रेडमायर तळ्यावर ख्रिस येट्स यांनी ५१ पौंड ८ औंसांचा, म्हणजे २३ किलोंहून अधिक वजनाचा कार्प धरून वॉकरांचा विक्रम मागे टाकला. त्यांच्या हाती वॉकरांच्याच घडणीची जुनी काठी होती आणि आमिष होते मक्याचे दाणे. पाण्याकडे पाहणारी दृष्टी असेल, तर साधे साधनही पुरे पडते, हे यावरून दिसते. परंतु जुनी काठी हाती घेतल्याने ती दृष्टी येते, असे मात्र कोणी समजू नये. डुलक्या घेणारा मनुष्य जुन्या काठीजवळही डुलक्याच घेईल.

मग खरी कसोटी कोणती? ती इंग्लंडच्या कायद्यानेच सांगितली आहे. आमिष लावलेली काठी पाण्यात ठेवून मालकाने तिच्यावर पुरेसा ताबा राहणार नाही इतके दूर जाऊ नये, असा तेथे नियम आहे. यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. घंटी बाळगण्यास कोणाची हरकत नाही. घंटी वाजल्यावर उठणारा कोणी नसणे यास हरकत आहे. कारण आपोआप अडकलेला मासा आपोआप सुटत नाही. मालक दूर गप्पांत रमला, तर तो मुका जीव दोरी पाणवनस्पतींत गुंतवून घेतो, तोंड फाडून घेतो, कधी प्राणासही मुकतो. येथे आळसाची किंमत आळशी देत नाही, दुसराच देतो. साधन जितके समर्थ, तितकी ते वापरणाऱ्याची जबाबदारी मोठी, ती याच कारणाने.

आमचा निर्णय आता स्पष्ट आहे. साधन आळस निर्माण करीत नाही. ते श्रम वाचविते आणि वाचलेला वेळ आपल्या ओंजळीत टाकते. जो त्या वेळात पाणी न्याहाळतो, तो पूर्वजांहून अधिक जाणता होतो; जो पांघरूण ओढून घेतो, त्याचे ज्ञान त्याच्या यंत्राइतकेच राहते. ज्याने साधन घडविले त्याने ते कष्टाने घडविले. धोका असतो तो ज्याला ते आयते मिळाले त्याला. म्हणून आपल्या मुलांच्या हाती नवे साधन देताना वडिलांनी कुरकुर करू नये, पण ते का निर्माण झाले, कोणत्या अडचणीतून सुचले, हे अवश्य सांगावे. आणि तरुणांनीही, घंटी वाजेल तेव्हा आपण जवळ असू, एवढी खबरदारी घ्यावी. घरातील वृद्धांच्या बाबतीत, मुलांच्या अभ्यासाच्या बाबतीत आणि या आपल्या मंडळाच्या कामाच्या बाबतीतही तीच खबरदारी पुरेशी आहे.